डंक बंद ठेवला तो शुक्रवार

१२ एप्रिल, रविवार. सकाळपासून मिरच्यांची देठं काढते आहे. संकेश्वरीचं एक पोतं झालं, ब्याडगीचं अर्धं राहिलंय. फोन शेजारच्या पाटावर पालथा घातला आहे, कारण मिरचीचे हात फोनला लागले की तो फोन नंतर कानाला लागतो आणि दुपार वाया जाते. मुलीने आमच्या चटणीची वेबसाइट केली आहे. तिला त्यात ‘आमच्याविषयी’ नावाचं एक पान हवं होतं, चार ओळी लिहून दे म्हणाली. मी लिहून दिलं : आजोबांनी डंक कधी घातला, मिरची कुठून येते, आणि शेवटी, ‘इतक्या वर्षांत हंगामात आमचा डंक एक दिवसही बंद राहिलेला नाही.’ तिला शेवटचं वाक्य फार आवडलं. ते तिने मोठ्या अक्षरात टाकलं. मला मात्र देठं काढता काढता ते वाक्य टोचत राहिलं, कारण ते खोटं आहे. एक दिवस बंद होता. शुक्रवार होता आणि तो माझ्यामुळे बंद होता. वेबसाइटवर हे सांगून चटणी खपणार नाही, म्हणून इथे लिहिते.

डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत चार लोखंडी उखळं जमिनीत बसवलेली आणि त्यांवर चार मुसळं. मोटर चालू केली की पट्ट्यावर ती मुसळं एकाआड एक वर जायची आणि खाली आदळायची. फेब्रुवारी ते मे हा हंगाम. शिवाजी पेठेतल्याच नव्हे, पार कागलकडच्याही बायका भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन यायच्या, पदर नाकावर बांधून ओळीने बसायच्या आणि शिंकायच्या. सकाळी सातला आवाज सुरू व्हायचा तो दुपारी दोनला मोटर गार करायला थांबायचा, तीनला पुन्हा सुरू होऊन दिवेलागणीपर्यंत चालायचा. आमच्या घरात त्यामुळे सगळी वाक्यं आखूड होती. ‘थांबव!’ ‘डबा कुणाचा?’ ‘चाळण आण!’ ‘जेवा!’ मला कुणी ‘आज गप्प का आहेस’ असं विचारल्याचं आठवत नाही. विचारायचं नव्हतं असं नाही, एवढं लांब वाक्य त्या आवाजात पोचतच नसे. आण्णा, म्हणजे माझे वडील, खुणांवर काम चालवायचे. आई संकेश्वराजवळची, माहेरी सगळं कानडी. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत असायची, पण ओठ हललेले दिसायचे, ऐकू काही यायचं नाही. संध्याकाळी डंक थांबला की कानात नुसती शिट्टी वाजायची आणि तिघंही इतके दमलेले असायचो की भाकरी-पिठलं खाऊन आडवे व्हायचो.

सातवीत असताना एकच मैत्रीण घरी आली होती. उंबऱ्यात उभी राहून ती शिंकायला लागली ती थांबेना, डोळे सुजले, शेवटी तिची आई येऊन घेऊन गेली आणि जाताना माझ्या आईला म्हणाली, “तुम्ही कसं ऱ्हाता हो ह्यात?” आईने हात हलवून ‘ऐकू येत नाही’ अशी खूण केली. दुसऱ्या दिवसापासून माझं शाळेतलं नाव ‘ठसका’. मिरचीचा वास केसांत, दप्तरात, वह्यांच्या पानांत बसतो. साबणाने जात नाही. पावसात कपडे ओले झाले की जास्तच उठतो. बाकावर माझ्या शेजारची जागा मोकळी राहायची आणि मी तिथे दप्तर ठेवायला शिकले, म्हणजे ती मीच मोकळी ठेवली आहे असं दिसायचं. ह्याचं मला फार वाईट वाटायचं असं म्हणणार नाही. सवय होती. वाईट काय असतं ते कळायला आधी बरं काय असतं ते माहीत असावं लागतं, आणि ते मला बारावीनंतर कळलं.

बारावीचा निकाल त्या वर्षी नेटवर दिसणार होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाटील वहिनींचं एसटीडीचं दुकान होतं. फोन घरोघर आले तसं त्यांचं गिऱ्हाईक पातळ झालं, तेव्हा त्यांनी काचेच्या तीनही खोपट्यांतून फोन काढून संगणक बसवले आणि पाटीवर ‘इंटरनेट’ असं रंगवून घेतलं. वहिनी स्वतः गल्ल्याशी बसून मेथी निवडायच्या. एकीकडे निवडलेली पानं आणि दुसरीकडे माउस. निकालाच्या दिवशी अख्ख्या महाराष्ट्राने ते पान एकदम उघडलं असावं, कारण माझ्यासमोरची पट्टी अर्ध्यावर येऊन अडकली ती हलेना. वहिनी म्हणाल्या, “आता बसलीयास तर बस. तवर त्या दुसऱ्या खिडकीत काय चाललंय ते बघ, कुनी तरी उघडं ठिऊन गेलंय.”

ती चॅटरूम होती. नावं आणि ओळी भराभर वर सरकत होत्या आणि त्यांतली एक ओळ माझ्यासाठी होती. इंग्रजी तीनच अक्षरं, ए, एस, एल, आणि पुढे प्लीज. आज लहान पोरालाही कळेल की ती वय, बाई की पुरुष आणि गाव विचारायची रीत होती. मी ते सरळ आमच्या भाषेत वाचलं : ‘असल’. ‘असेल’ला आमच्याकडं ‘असल’ म्हणतात. मला वाटलं, निकाल लागला असेल का म्हणून कुणी विचारतंय. मी एका बोटाने, इंग्रजी अक्षरं शोधत, लिहिलं, ‘असल. पण अजून उघडत नाही.’ खाली हसण्याच्या खुणांची रांग लागली. दोघा-तिघांनी काहीबाही वाईट लिहिलं आणि निघून गेले. मग एकच ओळ आली : ‘तू कोल्हापूरची का गं?’ मी विचारलं, कसं कळलं. ‘आमच्या शेजारी एक कोल्हापूरचे राहतात. ते असेल ला असल म्हणतात. आणि नाही ला न्हाय.’

ती मीनल. ठाण्याची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. एका लहान ऑफिसात संगणकावर नोंदी करायची आणि दुपारी दोन ते तीन जेवणाच्या सुट्टीत कुणी पाहत नसताना चॅटिंग करायची. दोन ते तीन ही आमच्या डंकाचीही थांबायची वेळ. हे ऐकून ती म्हणाली, म्हणजे आपली सुट्टी एकच. मग वहिनींनी मला चॅटसाठी माझं असं एक नाव काढून दिलं, ‘संकेश्वरी’. मीनलने विचारलं, आडनाव का? म्हटलं, मिरची. ती म्हणाली, मग मी इथून जपून बोलते. निकालाचं पान उघडलं तेव्हा माझी वेळ संपली होती. पास झाले होते. पण घरी जाताना मला निकालापेक्षा दुसरंच काही सांगायचं होतं आणि ते कुणाला सांगायचं ते कळत नव्हतं.

वहिनींचा नियम कडक होता. “नाव सांगायचं, गाव सांगायचं, पत्ता आन् फोन न्हाय सांगायचा. लई वंगाळ लोक असत्यात. आन् ती मीनल हाय का मनोहर हाय, तुला काय म्हाईत?” मी म्हटलं, “मनोहर असता तर एव्हाना फोटो मागितला असता.” वहिनींनी मेथीची जुडी खाली ठेवली. “शानी झालीस की,” म्हणाल्या. पण नियम मी पाळला, आणि मीनलनेही. तिला बहुतेक तिच्याकडे कुणी तरी असंच सांगितलं असावं. तिचं आडनाव मला आजही माहीत नाही.

आठवड्यातून तीनदा, वर्षभर. बोलायचो काय? काही नाही. ‘आज काय कुटलं?’ हा तिचा पहिला प्रश्न. मी मिरचीचा वाण सांगायची. पावसाळ्यात मिरची संपून डंकावर हळद यायची, तेव्हा हळद सांगायची. ती तिच्या ऑफिसच्या खिडकीतून काय दिसतं ते सांगायची. समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, तिच्यावर एक पाण्याचा पाइप होता आणि तो कुठे गळतो ते मला पाठ झालं होतं. ती भावाकडे राहत होती. दोन खोल्यांत पाच माणसं, आणि ती जेवायला बसली की तिची वहिनी भांडी जरा जोरात ठेवायची. हे तिने एकदाच लिहिलं. मी तिला लिहिलं, आमच्याकडं सगळंच जोरात असतं, इथं ये, कळणारसुद्धा नाही. ती म्हणाली, सुट्टी मिळाली की येईन. त्यानंतर हे आमचं ठरलेलं बोलणं झालं. सुट्टी मिळाली की येईन. सकाळच्या गाडीने येईन. डोळ्यांना चष्मा आणि हिरवी पर्स, म्हणजे मी. मी म्हणायची, मला ओळखायला खूण नको, तुला शिंक आली की समज मीच. पेठेतल्या तालमींच्या संघांचा फुटबॉलचा सामना असला की वहिनींचं दुकान ओस पडायचं, सगळी गल्ली मैदानावर. तेव्हा वहिनी मला तासावर अर्धा तास तशीच बसू द्यायच्या. बाहेर गल्ली रिकामी, आत पंख्याचा आवाज, आणि काचेच्या खोपट्यात मी. एवढं निवांत बोलणं मला कधी मिळालं नव्हतं, आणि त्यात आवाज कुठेच नव्हता. ओरडावं लागत नव्हतं. मी एक वाक्य पूर्ण लिहायची आणि दुसरं माणूस ते पूर्ण वाचायचं.

आता माझ्या फोनवर बायकांचे सात-आठ गट आहेत, गिऱ्हाइकांचे वेगळे. कोण टाइप करतंय ते दिसतं, कुणी वाचलं ते दिसतं, शेवटचं कधी आलं होतं तेही दिसतं. त्या वेळी ह्यातलं काही नव्हतं. नाव उजळ असलं तर माणूस आहे आणि करडं झालं तर नाही, एवढंच.

एप्रिलचा गुरुवार होता. हंगाम ऐन भरात. बायका सकाळी सहापासून डबे ओळीत ठेवून जात होत्या. दुपारी दोनला मी हातावरचं तिखट तेलाने पुसून वहिनींकडे पळाले. मीनलचं नाव उजळ होतं. पण ‘आज काय कुटलं’ आलं नाही. बराच वेळ काहीच आलं नाही आणि मग दोन ओळी आल्या. ‘उद्यापासून ऑफिस बंद. आता मी येते.’

मी लिहायला बोटं ठेवली तेवढ्यात खिडकी गोठली. वहिनींनी मोडेमची वायर काढून लावली, पुन्हा काढून लावली. तो खरखरीचा आणि शिट्ट्यांचा आवाज आलाच नाही. फोन उचलून बघितला तर मुकाच. चौकात टेलिफोनवाल्यांनी का पाण्यावाल्यांनी खणलं होतं आणि केबल तोडली होती. “दोन दिस तरी न्हाय यायची लाइन,” वहिनी म्हणाल्या. “काय, म्हत्त्वाचं हुतं?” मी म्हटलं, “मीनल उद्या येतेय.”

ह्यात मला शंका वाटली नाही. ऑफिस बंद म्हणजे सुट्टी. सुट्टी मिळाली की येईन, हे वर्षभर ठरलेलं. आता मी येते. रात्रीच्या गाडीत बसणार आणि सकाळी स्टेशनवर उतरणार. मी घरी पळत आले. डंक तीनला सुरू व्हायचा होता, आण्णा मोटरला तेल देत होते. पाच मिनिटांची शांतता होती, ती मी पकडली.

“आण्णा, उद्या माझी मैत्रीण येणार आहे. राहायला.”

“कोन मैत्रीण?”

“मीनल. ठाण्याची.”

“ठाण्याची? तुला कुटं भेटली?”

“वहिनींच्या दुकानात.” हे खोटं नव्हतं.

आण्णांनी तेलाची बुधली खाली ठेवली. “तिला सोसंल व्हय डंक?”

“नाही सोसणार.”

त्यांनी हात फडक्याला पुसले. मग आईला म्हणाले, “उद्या बंद ठिऊ.”

आई दाराआडून बाहेर आली. “हंगामात? एवढी मानसं डबं ठिऊन गेल्यात, त्यास्नी काय सांगू?”

“पावणं येनार हायत म्हनून सांग. एक दिस. पोरीकडं कोन येतंय कधी?” आणि त्यांनी मोटर चालू केली, म्हणजे त्यावर आणखी बोलणं नको.

शुक्रवारी पहाटे मला जाग आली तेव्हा पुढच्या खोलीत पाणी ओतल्याचा आवाज येत होता. आण्णांनी उखळं धुवून काढली होती आणि मिरचीची धूळ उडू नये म्हणून त्यांवर ओली पोती पसरली होती. भिंती खालपासून हात पोचेल तिथपर्यंत फडक्याने पुसल्या होत्या, वरचं लाल तसंच राहिलं होतं. आईने पुरण शिजत घातलं होतं. कडबू, म्हणजे पुरणाच्या करंज्या, करणार होती. “मुंबईची मानसं गोड खात्यात,” म्हणाली, आणि आमटीत चमचाभर चटणी घालून त्यातली अर्धी पुन्हा काढायचा प्रयत्न करत होती. माझ्या अंथरुणाशेजारी नवीन सतरंजी घडी करून ठेवलेली होती. ती पाहुण्यांसाठी म्हणून घेतलेली, आणि त्या दिवसापर्यंत तिची दोरी सोडलेली नव्हती.

मी गाडीच्या आधी अर्धा तास स्टेशनवर होते. गाडी आली. कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन, त्यामुळे सगळेच उतरतात, कुणी पुढे निघून गेलं असं होत नाही. हे मला फार बरं वाटलं होतं. मी फाटकाशी उभी राहून चष्मे बघत होते. चष्मा आणि हिरवी पर्स. एक बाई तशी आली, मी पुढे होऊन म्हटलं, “मीनल?” ती म्हणाली, “नाही हो,” आणि नाकाला रुमाल लावला. मग गर्दी पातळ झाली, मग हमाल राहिले, मग झाडूवाली आली. रिक्षावाल्यांनी तीनदा विचारलं, “कुटं जायचं पावणं?” चौथ्यांदा एक म्हणाला, “आवो, त्या हितल्याच हायत, कवाच्या उभ्या हायत.” मी पुढच्या गाडीसाठीही थांबले. एखादी गाडी चुकू शकते. तिच्यातूनही सगळे उतरले.

अकराच्या सुमारास घरी आले. आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून डंकाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. इस्त्रीचा शर्ट ते लग्नाला घालायचे. समोर दोन बायका डबे घेऊन भांडत होत्या. “आवो आण्णा, उद्या माझ्या लेकीकडं जायाचंय, चटनी न्हेऊ कशी?” आणि आण्णा एकच सांगत होते, “आज बंद हाय. घरात पावणं येनार हायत.” मला बघून ते उठले. माझ्या मागे बघितलं. गल्लीच्या तोंडापर्यंत बघितलं. मग म्हणाले, “गाडी लेट असंल.” आणि परत बसले.

त्यांनी डंक सुरू केला असता तर चाललं असतं. मी तसं म्हणालेही. ते म्हणाले, “दुपारची यील,” आणि दुपारीही सुरू केला नाही. मला त्या दिवसाचं जे आठवतं ते मीनलचं नाही, घराचं आहे. एप्रिलच्या दिवसात ते घर मी कधी ऐकलंच नव्हतं. मोरीतला नळ ठिबकत होता. पत्र्यावर पारव्यांची नखं वाजत होती. भिंतीवरच्या घड्याळाला टिकटिक होती, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं. आणि आई, कडबू भरता भरता, पुटपुटत नव्हती. ती मोजत होती. ‘वंदु, यरडु, मूरु,’ कानडीत, हलक्या चालीवर, जवळपास गाणंच. वर्षानुवर्षं ओठ हलताना बघितले होते, त्यात हे होतं. आम्ही तिघं जेवायला बसलो. चौथं ताट आईने मांडलं होतं, ते तिने उचललं नाही आणि आम्हीही त्याच्याकडे बघितलं नाही. आण्णांच्या जबड्याचा चावताना बारीक कट असा आवाज येतो. आमटी बेचव झाली होती. तिघांनीही वरून चटणी घेतली आणि कुणी काही बोललं नाही. आता बोललेलं ऐकू आलं असतं. पण सवय नव्हती. लोक म्हणतात, गर्दीत माणूस एकटं पडतं. मला विचाराल तर त्या दुपारी, त्या धुतलेल्या खोलीत, मी जेवढी एकटी होते तेवढी पुन्हा झाले नाही. एकटी मी आधीही होते. पण आता ते आईआण्णांनाही दिसत होतं, इस्त्रीचा शर्ट घालून, सतरंजी काढून दिसत होतं.

दिवेलागणीला आण्णांनी शर्ट काढून खुंटीला लावला. आई उरलेले कडबू फडक्यात बांधत होती. हात न थांबवता तिने विचारलं, “काय म्हनली हुती गं ती? नेमकं काय लिवलं हुतं?”

मी सांगितलं, “उद्यापासून ऑफिस बंद. आता मी येते.”

आईचा हात थांबला. “येते म्हनली?”

“हो.”

“मंग गेली की गं ती.”

मला कळलं नाही. आई म्हणाली, “जाते कोन म्हनतंय व्हय? निघताना मानूस येतेच म्हनतंय की. आमच्याकडं ‘होगि बर्तीनि’ म्हनत्यात. जाऊन येते. तुमच्या मराठीत त्यातलं जाऊन तेवढं गिळत्यात आन् नुस्तं येते ऱ्हातंय. कचेरीच बंद पडली तिची. निरोप घेतला तिनं तुजा.”

मी जन्मभर हा शब्द ऐकत आणि म्हणत आले होते. उंबऱ्यात, चप्पल पायात सरकवताना, तोंड बाहेर आणि मान मागे करून कुणी ‘येते’ म्हणालं तर मला एकदाही चुकलं नसतं. पण टाइप केलेल्या शब्दाला उंबरा नसतो. मी तो माझ्या बाजूने वाचला. ऑफिस बंद म्हणजे सुट्टी, येते म्हणजे येते. ऑफिस बंद म्हणजे ऑफिस नाही, संगणक नाही, दुपारी दोन ते तीन नाही, हे आईने, जिने संगणक दुरूनही बघितला नव्हता, एका दमात वाचलं. तिला असले निरोप माहीत होते. तिने स्वतः एकदा माहेराहून ‘बर्तीनि’ म्हणून पाय काढला होता.

आण्णा अंधारात ओली पोती उचलत होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार, कारण ऐकू यायला अडथळा काही नव्हता. ते एवढंच म्हणाले, “उद्या सहाला चालू करू. दोन दिसाची मानसं एकदम येत्यात.”

पुढे वेगवेगळ्या साइट आल्या, त्यांवर लोकांनी फोटो लावले, शाळेतल्या माणसांना शोधून काढलं. मला ‘ठसका’ म्हणणाऱ्या दोघींनीही मला शोधलं, आता त्या दरवर्षी चटणी मागवतात. मी मीनल शोधली. ठाण्याच्या मीनल पुष्कळ आहेत. आडनाव माहीत नसताना आणि चेहरा बघितलेला नसताना माणूस शोधून देणं त्या साइटना अजून जमलेलं नाही. ठाण्याहून मीनल नावाने ऑर्डर आली की मी पत्ता दोनदा वाचते आणि पार्सल बांधते, बाकी सगळ्यांचं बांधते तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मीच मोटरचं बटण दाबलं. ओळ गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती आणि बायका आदल्या दिवसाचा राग शिंकांत काढत होत्या. “आले का पावणं?” एकीने ओरडून विचारलं. आण्णांनी हाताने ‘ऐकू येत नाही’ अशी खूण केली. नऊला मी आईला चाळणीवर बसवून वहिनींकडे गेले. लाइन सकाळीच जोडली होती. मीनलचं नाव करडं होतं. ते करडंच राहणार हे मला माहीत होतं, तो संगणक आता कुणाच्या टेबलावर गेला असेल कुणास ठाऊक. पण कुणी ‘येते’ म्हणून निघालं की नंतर आपण एक विचारतोच. मी तिखटाच्या बोटांनी तेवढंच लिहिलं. पोचलीस का?

वहिनींनी मेथीतून मान वर केली. “झालं एवढ्यात?”

“झालं,” मी चप्पल पायात सरकवत म्हटलं. “येते वहिनी.”